सासूबाईंचे भोपळे होळीपर्यंत टिकायचे, माझे दिवाळीतच का सडतात?

मंजिरी_परसदार
६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पाल्हाळ लागणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आमचं घर गुहागर तालुक्यात. नोकरी संपल्यावर ठाण्याचं बिऱ्हाड आवरून आम्ही दोघं इथे राहायला आलो. सासूबाई त्याआधी गेल्या. त्यांच्या मागे कोनाड्यात राखेने भरलेली एक बरणी सापडली आणि राखेत लाल भोपळ्याच्या बिया. घरचाच भोपळा तो, ह्यांच्या लहानपणापासूनचा. बसका, खोल फाकांचा, पिकला की बाहेरून मातकट आणि आतून गर्द केशरी. एकेक ३ ते ५ किलोचा.

मिरगाला आळी करून बिया लावल्या. वेल झकास आले. गेल्या वर्षी ११ भोपळे मिळाले. दसऱ्याच्या सुमारास काढले आणि मागच्या खोलीत फरशीवर व्यवस्थित रचून ठेवले. पहिल्या अंघोळीच्या आदल्या दिवशी घारग्यांसाठी आणायला गेले तर दारातच वास. ११ पैकी ७ गेले. सगळे देठापाशी मऊ पडलेले, वर पांढरी बुरशी.

सासूबाईंचे भोपळे पडवीच्या वाशांना सुंभाने टांगलेले असायचे. शिमग्याला पालखी दारात यायची तेव्हाही तिथे दोन-तीन लोंबकळत असायचे, हे मी स्वतः पाहिलंय. त्या काय वेगळं करायच्या ते विचारून घ्यायचं राहिलं.

आणखी दोन प्रश्न. यंदा एका वेलाला लांबट, तुंब्यासारखी फळं धरली आहेत. बी गेल्या वर्षीच्या माझ्याच भोपळ्यातलं होतं, मग असं कसं? आणि सुपारीएवढी झालेली कोवळी फळं पिवळी पडून गळतात, ती का?

सध्या वेलावर ९ मोठे भोपळे आहेत. ते तरी वाचवा.

—

आबा_५८
६ ऑक्टोबर, रात्री १०:१५

म्हातारी आणि भोपळ्याचे विनोद ज्यांना करायचेत त्यांनी आत्ताच उरकून घ्या, मग कामाचं बोलू.

ताई, तीन गोष्टी सांगा. भोपळा वेलावरून कसा तोडला? देठ किती ठेवला? उचलताना हात कुठे होता?

—

वऱ्हाडी_ठेचा
६ ऑक्टोबर, रात्री १०:३२

आमच्या अमरावतीकडे याले कोहळं म्हंतात. तुमी भोपळा म्हनलं की आमच्या डोळ्यासमोर दुसरंच येते. अन् तुमचा तो पेठ्याचा पांढरा कोहळा म्हंजे आमचं भुरकोहळं. बाकी साठवनीचं आमाले काई माहीत नाई, आमच्या घरी कोहळं आलं की त्याचे बोंडं होतात अन् संपते. टिकाले उरलं तर पाह्यजे!

—

सुशेगाद
६ ऑक्टोबर, रात्री १०:५१

नावांवरून आठवलं. आमच्या फोंड्याला लाल भोपळा म्हणजे दुदी. तुमचा दुधी भोपळा म्हणजे कोंकण दुदी. लग्न होऊन पुण्यात आल्यावर आठवडाभरात सासूबाईंनी दुधी आणायला धाडलं आणि मी ऐटीत चार किलोचा लाल भोपळा उचलून घेऊन आले, रिक्षाने. अजून घरात कुणी पाहुणा आला की ती गोष्ट निघते.

—

कांदेनवमी
७ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

कृषी खात्याच्या पुस्तिकेत काशीफळ किंवा डांगर लिहितात. आता आमच्याकडे डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचं, दह्यात कालवलेलं, वरून कांदा. त्यामुळे 'डांगराची लागवड' असा मथळा वाचून मी पहिल्यांदा बराच वेळ विचारात पडले होते.

—

मंजिरी_परसदार
७ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

आबा, तुम्ही पोलिसासारखे प्रश्न विचारलेत आणि मला माझे गुन्हे दिसायला लागले.

तोडताना देठ पिळून काढला. काहींचा अर्धा बोटभर राहिला, दोघांचा तर मुळातूनच निघून आला. उचलताना देठ धरूनच उचलले, तो मुठीसारखाच तर असतो. आणि परतीच्या पावसाने चिखल लागला होता म्हणून नळाखाली घासून धुतले.

—

आबा_५८
७ ऑक्टोबर, सकाळी ८:४१

झालं. निकाल लागला.

देठ ही मूठ नव्हे, ते बूच आहे. बाटलीचं बूच काढून ठेवल्यावर आतलं टिकेल का? देठ मुळातून निघाला की तिथे उघडी जखम राहते. हिसका बसून नुसती चीर गेली तरी बुरशीला तेवढी वाट पुरते. त्यात तुम्ही धुवून ओल दिलीत आणि एकावर एक रचून वारा बंद केलात. सातच गेले हे नशीब. चार वाचलेले बहुतेक वरच्या थरातले असणार.

कोयत्याने किंवा कात्रीने कापायचा, देठ चार बोटं ठेवून. वेलाचा तुकडा दोन्ही बाजूंना राहिला, इंग्रजी टी अक्षरासारखा, तर आणखी बरं. उचलायचा तो खालून दोन्ही हातांनी, तान्ह्या पोराला उचलतात तसा. आमची आजी कापलेल्या टोकाला चुलीतली राख चोपडायची. चिखल असेल तर तो वाळू द्यायचा आणि कोरड्या फडक्याने झाडायचा.

—

शेतकीबाबू
७ ऑक्टोबर, दुपारी १:३०

आबांनी मुद्द्यावर बोट ठेवलं आहे. मी थोडी पुस्तकी भर घालतो, कृषी पदवीचं काहीतरी चीज व्हावं म्हणून.

आधी काढायची वेळ. बी पेरल्यापासून साधारण १०० ते १२० दिवस. पण दिवस मोजण्यापेक्षा फळाकडे बघावं. सालीवरची चकाकी जाऊन ती निस्तेज होते, मातकट रंग चढतो. देठ हिरवा रसरशीत असतो तो वाळून खरबरीत, लाकडासारखा होतो. फळाजवळचा ताणा सुकतो. शेवटी अंगठ्याचं नख सालीवर दाबायचं. नख रुतलं तर कच्चा, नुसता ओरखडाही पडायला तयार नसेल तर तयार. कच्चा काढलेला भोपळा कितीही जपला तरी टिकत नाही आणि गोडही होत नाही.

दुसरी पायरी बहुतेक लोक गाळतात. कांदा काढल्यावर आपण तो सुकवतो, तसा भोपळाही सुकवावा लागतो. २७ ते २९ अंश तापमानात, हवेशीर जागी, १० ते १४ दिवस. या काळात साल टणक होते, बारीक ओरखडे भरून येतात, देठाचं तोंड कोरडं पडून बंद होतं. थंड देशांत यासाठी खोली तापवावी लागते. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात मंजिरीताईंच्या पडवीत हे आपसूक होईल. मात्र थेट कडक उन्हात ठेवू नका, साल भाजते.

त्यानंतरची साठवण. पुस्तकात १० ते १३ अंश आणि ५० ते ७० टक्के आर्द्रता लिहिलेली असते. गुहागरात ते जमायचं नाही. म्हणून हातात उरतात दोनच गोष्टी, कोरडेपणा आणि वारा. तुमच्या सासूबाई टांगायच्या त्याचं गमक हेच. टांगलेल्या फळाला सगळीकडून हवा लागते, जमिनीची ओल लागत नाही, उंदीर पोचत नाही आणि एक सडला तरी शेजाऱ्याला लागण होत नाही. पडवीत चुलीचा धूर येत असेल तर त्यानेही हवा कोरडी राहत असणार. टांगायला जमत नसेल तर फळीवर किंवा बाजेवर पेंढा पसरून एकेक सुटा ठेवा. पिकत्या केळ्यांच्या नाहीतर सफरचंदांच्या शेजारी नको, त्यांच्यातून इथिलीन वायू सुटतो आणि भोपळा लवकर उतरतो.

आणि अख्खा भोपळा फ्रिजमध्ये नको. १० अंशांच्या खाली त्याला गारठा बाधतो, बाहेर काढला की झपाट्याने खराब होतो. चिरलेली फाक फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, पण आधी बिया आणि आतला धागेदार मगज खरवडून काढा. नासायला सुरुवात तिथूनच होते.

गळणारी फळं आणि लांबट भोपळा यावर रात्री लिहितो. ऑफिस आहे.

—

रोखठोक_रमेश
७ ऑक्टोबर, दुपारी २:१०

एवढा खटाटोप कशासाठी? मंडईत पाव किलोची फाक मिळते. आणली, चिरली, फोडणीला टाकली.

—

ठाणेकरीण
७ ऑक्टोबर, दुपारी २:२५

रमेशराव, ती फाक सकाळी कापलेली, वर माशा बसलेली असते, आणि पुष्कळदा इतकी कच्ची की शिजवल्यावर पाणीच पाणी. तुम्ही पिकलेल्या, महिनाभर मुरलेल्या भोपळ्याचं भरीत खाल्लेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

—

शेतकीबाबू
७ ऑक्टोबर, रात्री ९:१५

गळणारी कोवळी फळं: एक फळ मधोमध चिरा. आत बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर फळमाशी. अळ्या नसतील, नुसतंच सुकून पिवळं पडलं असेल, तर परागीभवन झालेलं नाही.

फळमाशी असेल तर गळलेलं प्रत्येक फळ त्याच दिवशी उचला आणि दीड-दोन फूट खोल पुरा. उकिरड्यावर फेकलंत तर अळ्या तिथल्याच मातीत कोष करणार आणि नव्या माशा पुन्हा तुमच्याच वेलावर येणार. क्यू ल्यूरचे, म्हणजे नर माश्यांना गंधाने भुलवणारे, सापळे लावा. त्यात फक्त नर सापडतात, तेव्हा सापळा भरला म्हणून फार खूश होऊ नका, स्वच्छता चालू ठेवा. फळ लिंबाएवढं असतानाच कागदाच्या पिशवीत बांधलं तर उत्तम.

परागीभवनाचं. वेलाला आधी येतात ती बहुतेक नर फुलं, लांब सडपातळ दांड्यावरची. मादी फुलाच्या बुडाशी चिमुकला भोपळा आयताच असतो. फुल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. तेवढ्या दोन-तीन तासांत मधमाशी फिरकली नाही, किंवा पाऊस लागला, तर तो दिवस वाया. मग आपणच मधमाशी व्हायचं: ताजं नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि आतला परागाचा दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा. सकाळी ८ च्या आत.

खत कोणतं घालता? युरिया किंवा फार ताजं शेण घातलं तर वेल पानांनी माजतो आणि मादी फुलं रुसतात.

आता लांबट भोपळा. शेजारी कुणी दुसरा भोपळा लावला होता का?

—

मंजिरी_परसदार
७ ऑक्टोबर, रात्री ९:५०

चिरून बघितलं. अळ्या. शी.

आणि हो! गेल्या वर्षी गडग्यापलीकडच्या वाडीत त्यांनी तालुक्याच्या दुकानातून संकरित बी आणून लावलं होतं. लहान लहान, लांबट भोपळे. पण गेल्या वर्षी माझे सगळे भोपळे जातिवंत निघाले होते ना?

—

शेतकीबाबू
७ ऑक्टोबर, रात्री १०:२०

हीच गोम आहे. परका पराग आला तरी त्या वर्षीचं फळ आईसारखंच दिसतं, कारण फळाचं अंग आईचं असतं. बाप लपलेला असतो आतल्या बीमध्ये. ते बी पेरलंत की पुढच्या वर्षी तो तोंड दाखवतो. यंदा तुमच्या वेलावर दिसतोय तो गडग्यापलीकडचा जावई.

आपल्याकडचा गावठी लाल भोपळा बहुतेक कुकुर्बिटा मोशाटा या जातीतला. बाजारातली बरीचशी वाणंही त्यातलीच, बेंगळुरूच्या फळबाग संशोधन संस्थेचं अर्का चंदन किंवा दिल्लीचं पुसा विश्वास घ्या. ती एकमेकांत सर्रास मिसळतात. याच कुळातल्या आणखी दोन जाती आपल्याला भेटतात, मॅक्सिमा आणि पेपो. ओळखायचं पुन्हा देठावरून. मोशाटाचा देठ कडक, पाच धारांचा, आणि फळाला टेकतो तिथे पंजा पसरावा तसा पसरलेला. मॅक्सिमाचा गोल, जाडजूड, बुचासारखा मऊ. पेपोचा कडक आणि धारदार, पण खाली पसरत नाही, पानंही काटेरी. झुकिनी पेपोतली. मोशाटाचा तिच्याशी सहजासहजी संकर होत नाही, तेव्हा गच्चीवर झुकिनी लावणाऱ्यांना बोल लावू नका.

—

कांदेनवमी
७ ऑक्टोबर, रात्री १०:३१

मी गच्चीवर झुकिनी लावते. सुटले.

—

बोस्टनचा_नाना
८ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

इथे मॅसॅच्युसेट्समध्ये सध्या हाच उद्योग चालू आहे म्हणून राहवलं नाही. पहिलं गोठलेलं दव पडायच्या आत, म्हणजे याच पंधरवड्यात, सगळं काढून घ्यावं लागतं.

माझ्या वाफ्यात दोन जाती आहेत. वॉल्थम बटरनट, जो इथून जवळच्या वॉल्थम गावात तयार झाला आणि १९७० साली ज्याला ऑल अमेरिका सिलेक्शन्स या वाणांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा मान मिळाला. आणि निळसर सालीचा हबर्ड, ज्याचा मूळ वाण १८५०च्या दशकात मार्बलहेडच्या जेम्स ग्रेगरी नावाच्या बियाणेवाल्याने बाजारात आणला. बटरनट मोशाटातला, म्हणजे मंजिरीताईंच्या भोपळ्याचा चुलतभाऊ. हबर्ड मॅक्सिमा. इथे खोडात शिरणारी एक अळी आहे, ती हबर्डचा वेल एका आठवड्यात आडवा करते. बटरनटचं खोड भरीव असल्यामुळे तिची डाळ शिजत नाही. हा धडा मी दोन हंगाम हबर्ड गमावून शिकलो.

साठवणीला तळघर आहे, हिवाळाभर १३ अंशांच्या आसपास. बटरनट दोन-तीन महिने बिनतक्रार, हबर्ड पाच-सहा महिने. हबर्डची साल इतकी कठीण की सुरी चालत नाही. विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात ते काय हे मला इथे कळलं. शेवटी तो जाड पिशवीत घालून गॅरेजसमोरच्या सिमेंटवर आपटतो. पहिल्यांदा आपटला तेव्हा शेजारची बाई काळजीने बाहेर आली होती.

परदेशातल्यांसाठी एक सांगतो. हॅलोविनला कोरायचे मोठे भोपळे घारग्यांना घेऊ नका, पाणचट आणि दोरेदार असतात. बटरनट घ्या. इथल्या दुकानातला लिबीजचा डबाबंद भोपळासुद्धा डिकिन्सन नावाच्या जातीचा असतो, तोही मोशाटाच.

—

सुशेगाद
८ ऑक्टोबर, सकाळी ९:००

म्हणजे भोपळा मुळात तिकडचाच ना? कोलंबसानंतर आला असणार, बटाटा-मिरची-काजूच्या बोटीने.

—

बोस्टनचा_नाना
८ ऑक्टोबर, सायंकाळी ५:४५

हो, तिन्ही जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातल्या गुहेत पेपोच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या, माणसाने लावलेल्या बिया सापडल्या आहेत. तिथल्याच मक्याच्याही आधीच्या. आपण ज्याला आधीपासून भोपळा म्हणत होतो तो दुध्या, ज्याचे तंबोरे होतात. लाल पाहुणा नंतर आला आणि त्याचं नाव घेऊन बसला.

—

ठाणेकरीण
८ ऑक्टोबर, सायंकाळी ६:०२

थांबा. ऋषीपंचमीच्या भाजीत लाल भोपळा आणि मका दोन्ही हवेतच असा माझ्या आईचा हट्ट असतो. बैलाच्या कष्टाचं नको, ऋषी जे खात ते खायचं. आता तिला काय सांगू?

—

आबा_५८
८ ऑक्टोबर, सायंकाळी ६:१०

काही सांगू नका. भाजी खा.

—

मंजिरी_परसदार
८ ऑक्टोबर, रात्री ८:३०

तर मग सासूबाईंची जात शुद्ध कशी राखायची? बरणीच्या तळाशी अजून मूळच्या तीस-पस्तीस बिया आहेत, पण जुन्या आहेत.

—

शेतकीबाबू
८ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मूळच्या बियांतल्या दहा-बाराच पेरा, बाकी ठेवा. नीट वाळवून ठेवलेलं भोपळ्याचं बी चार ते सहा वर्षं उगवतं, राखेमुळे ओल लागली नसेल तर आशा आहे. पुढच्या पावसाची वाट कशाला बघता, विहिरीला पाणी असेल तर जानेवारीअखेर उन्हाळी लावा. तेव्हा गडग्यापलीकडे भोपळा नसेल. शेतात जातिवंत बी धरायचं तर दोन भोपळ्यांत ८०० मीटरचं तरी अंतर लागतं, वाडीत ते कुठून आणणार!

त्यावर उपाय म्हणजे फूल बांधणे. संध्याकाळी वेलावर फिरा. उद्या उमलणाऱ्या कळीच्या टोकाला पिवळी झाक आलेली असते. अशा दोन-तीन नर आणि एक मादी कळी निवडा आणि टोकाला दोरा बांधून ठेवा म्हणजे रात्रीतून उमलणार नाहीत. सकाळी नर तोडून पाकळ्या काढा, मादी अलगद उघडा, दोन-तीन नरांचा पराग लावा, आणि मादी फूल पुन्हा बांधून टाका. ही शेवटची बांधणी विसरलात तर मागून मधमाशी येऊन सगळं मुसळ केरात. त्या फळाच्या देठाला रंगीत चिंधी बांधा. शक्य तर नर दुसऱ्या वेलावरचा घ्या, आणि बी एकाच भोपळ्याचं न धरता तीन-चार वेलांवरचं एकत्र करा.

बियांसाठीचा भोपळा तोडल्यावर लगेच फोडू नका. महिनाभर तसाच ठेवा, बी आत आणखी भरतं. मग धुवून सावलीत दोन आठवडे वाळवा. बी वाकलं तर ओलं, कट्‌कन मोडलं तर वाळलं.

आणि लांबट भोपळ्याचं बी धरू नका. खायला हरकत नाही. फक्त कुठलाही घरच्या बियांचा भोपळा शिजवण्याआधी कच्चा कपटा जिभेला लावून बघायची सवय ठेवा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा फेकून द्या. तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवूनही जात नाही. गूळ घालून झाकायचा तर प्रयत्नही नको.

—

आबा_५८
९ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

त्या नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, बीजमाता म्हणतात त्यांना, २०२० ची पद्मश्री. त्यांनी घरात बियाण्यांची बँक उभी केली ती अशाच राखेच्या आणि गाडग्या-मडक्यांच्या जोरावर. तुमच्या सासूबाईंची बरणी म्हणजे तेच काम, फक्त कोनाड्याएवढं.

—

मंजिरी_परसदार
२४ ऑक्टोबर, सायंकाळी ५:२०

हजेरी लावते. पाऊस उघडल्यावर पाच दिवस थांबले. ९ पैकी ८ भोपळे कोयत्याने कापले, देठ चार बोटं. नववा नख रुतल्यामुळे ठेवला आहे, खाली कौल सरकवलंय. ह्यांनी एक भोपळा उचलताना सवयीने देठ धरला, मी एवढ्याने ओरडले की गडग्यापलीकडून विचारणा झाली.

बारा दिवस पडवीत बाजेवर होते. आज सुंभाची शिंकाळी करून वाशांना टांगले. ह्यांना गाठ आठवत नव्हती पण हातांना आठवत होती.

लांबट दोनांपैकी एक आज कापते आहे. कपटा चाखला, गोड आहे. आता घारग्यांची पक्की कृती द्या कुणीतरी, माझे कधी फुटतात कधी तेल पितात.

—

ठाणेकरीण
२४ ऑक्टोबर, रात्री ८:००

घारगे माझ्याकडे लागले.

दोन वाट्या भोपळ्याचा कीस, एक वाटी गूळ. एक चमचा तुपावर कीस परता, झाकण ठेवून एक वाफ काढा, मग गूळ. गूळ विरघळून मिश्रण जरा आटेपर्यंत ढवळा. इथे घाई केलीत की पीठ जास्त लागतं आणि घारगे वातड होतात. उतरवून चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ. कोमट झालं की अर्धी वाटी तांदळाचं पीठ, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, आणि मावेल तेवढी कणीक. पाण्याचा थेंब नाही. पुरीपेक्षा घट्ट भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा. केळीच्या पानाला तुपाचं बोट लावून जाडसर थापा, वर खसखस दाबा. मध्यम आचेवर तळा. तेल पितात म्हणजे तेल थंड आहे, फुटतात म्हणजे गूळ जास्त झाला.

तुमचा आत्ताचा भोपळा ताजा आहे, पाणी जास्त सोडेल आणि गोडी कमी असेल. टांगलेला डिसेंबरात काढाल तेव्हा गूळ पाऊण वाटीच घ्या. साठवणीत पिष्टाची साखर होत जाते, त्यामुळे मुरलेल्या भोपळ्याला गूळ कमीच लागतो.

—

वऱ्हाडी_ठेचा
२४ ऑक्टोबर, रात्री ८:२०

थापता कायले? आमचे बोंडं सोपे. कोहळं शिजवून गुळासंगं घोटा, कणीक घालून भज्यासारखं सैल करा अन् हातानं तेलात सोडा. बाहेरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत.

—

कांदेनवमी
२४ ऑक्टोबर, रात्री ८:४५

गोड पुरे. भरीत: फोडी पाण्यात उकडू नका, चाळणीवर वाफवा, नाहीतर दह्यात घातल्यावर त्याचं कढण होतं. जाडसर मोडा, गोडसर दही, मीठ, किंचित साखर. वरून तुपाची फोडणी, मोहरी, हिंग, चार मेथीदाणे, हिरवी मिरची. मेथीदाणा तांबूस झाला पाहिजे, काळा झाला तर फोडणी फेका. भोपळ्याच्या गोडमिट्ट स्वभावाला तो एक कडवट दाणाच ताळ्यावर आणतो. साल फेकू नका, किसून तिळासोबत कुरकुरीत परता, ती चटणी पंधरा दिवस पुरते. आणि जास्तीच्या नर फुलांची भजी करा, मधला दांडा आणि बुडाची हिरवी पाकळी काढून.

—

सुशेगाद
२५ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

खतखत्यात आमचा दुदी हवाच, पण शेवटी घाला. सुरण, कणगी, शेवगा आधी शिजू द्या. आधी घातलात तर विरघळून रस होतो आणि मग ताटात शोधत बसा.

—

मंजिरी_परसदार
२ मार्च, रात्री ९:००

आज होळी. वाशाला तीन शिल्लक आहेत.

हिशेब असा. ८ टांगले. एक डिसेंबरात गेला, त्याच्या बुडाला वेलावर असतानाच किड्याने भोक पाडलं होतं, मला टांगताना दिसलं नव्हतं. चार खाल्ले, त्यातला एक ठाण्याला मुलीकडे गेला एस.टी.ने, मांडीवर बसून. डिसेंबरातल्या घारग्यांना खरंच गूळ कमी लागला. तिन्ही उरलेले वाजवून बघितले, टणक आहेत. देठ दगडासारखे.

बरणीतल्या बारा बिया जानेवारीत लावल्या होत्या. सात उगवल्या. लाल भुंगेऱ्यांनी दोन रोपं दुपानी असतानाच फस्त केली. पाच वेल आहेत. रोज सकाळी ६ ला दव झटकत भुंगेरे पकडून रॉकेलच्या पाण्यात टाकणे हा ह्यांचा नवा व्यायाम आहे. परवा पहिलं मादी फूल बांधलं, लाल चिंधी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची.

—

आबा_५८
२ मार्च, रात्री ९:२५

तिन्ही पाऊस सुरू व्हायच्या आत खाऊन टाका. मिरगाची हवा लागली की टांगलेला असो की निजवलेला, टिकत नाही.

—

मंजिरी_परसदार
१९ मे, दुपारी १२:१०

शेवटचा आज कापला. साल थोडी सुरकुतली होती, वजन हलकं. आत मगज जाळीसारखा सुकलेला, आणि चार-पाच बियांना चक्क मोड आले होते! आतच! फेकून देऊ की काय?

—

शेतकीबाबू
१९ मे, दुपारी १२:४०

फार जुन्या भोपळ्यात असं होतं. भोपळा चांगला असेल तर खा, आतला भाग तेवढा काढून टाका. मोड आलेल्या बिया कुंडीत लावून बघायला हरकत नाही, पण हा पावसाळ्यातला आहे, त्यात गडग्यापलीकडचं रक्त असू शकतं. बरणीत जाऊ देऊ नका. चिंधीवाल्यांचं काय?

—

मंजिरी_परसदार
१९ मे, दुपारी १:१५

चिंधीचे चार तयार. तिन्ही-चारी बसके, खोल फाकांचे. पडवीत बाजेवर आहेत. महिनाभर फोडायचे नाहीत हे लक्षात आहे.

मोडाच्या बिया गडग्याला लागून लावल्या. बघू त्यांच्याकडे जातात की आमच्याकडे येतात.

—

नवीन_सभासद_पूनम
१९ मे, सायंकाळी ७:३०

छान धागा. कुणी घारग्यांची कृती देईल का?

—

ठाणेकरीण
१९ मे, सायंकाळी ७:४२

वर आहे, २४ ऑक्टोबर. पाणी घालू नका.